अकाउंट काढून परत टाकण्याआधी: एका वकीलसाहेबांना उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, तशीच राहू देतो. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा: छोट्या ऑफिसातल्या सामाईक गूगल कॅलेंडरवरचा माझा लेख म्हणजे राईचा पर्वत आहे. फोनमधलं अकाउंट काढून परत टाकलं की तारखा दिसायला लागतात. त्याहून सोपं, सगळ्यांनी एकच जीमेल वापरावं. तरीही ज्युनियरनं टाकलेली तारीख तुमच्या लॅपटॉपवरच्या आउटलुकात (मायक्रोसॉफ्टचं मेल-कॅलेंडर) दुसऱ्या दिवशी उगवते आणि काही तारखा पहाटे साडेपाचला लागलेल्या दिसतात, तर तो दोष गूगलचा. शिवाय वकिलाची डायरी कधी सिंक करावी लागत नाही.

डायरीवरून आपलं भांडणच नाही. ती ठेवाच. पुढची तारीख पुकारली जाते तेव्हा फोनचं लॉक उघडत बसण्यापेक्षा पेन बरं. पण डायरी असते तुमच्या बॅगेत, तुम्ही असता कोर्टात, आणि पक्षकार ऑफिसात कारकुनासमोर बसलेला असतो. केसची तारीख ई-कोर्ट्सच्या अॅपवर त्याला दाखवता येईल, पण त्याला कागद घेऊन कधी बोलावलंय, कैफियत कोण टाईप करतंय, हे तिथे कुठे असतं? सामाईक कॅलेंडर हवं ते तेवढ्यासाठी.

आता अकाउंट काढून परत टाकण्याविषयी. त्यानं तारखा दिसायला लागतात हे खरं, कारण फोन सगळं कॅलेंडर पहिल्यापासून उतरवून घेतो. पण जी नोंद फोनमधून वर गेलेलीच नव्हती, ती अकाउंटबरोबर पुसली जाते, आणि ती होती हे कुणाला कळतही नाही. तुमच्या धंद्यात ही नोंद म्हणजे एखाद्याची तारीख. म्हणून लेखात मी हा उपाय सगळ्यात शेवटी ठेवला होता आणि अजूनही तिथेच ठेवीन.

त्याआधी एकच गोष्ट करा. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडा आणि 'गायब' नोंद तिथे आहे का बघा. असेल, तर ज्युनियरच्या फोननं आपलं काम केलंय आणि अडचण बघणाऱ्याच्या फोनमध्ये आहे. नसेल, तर बघणाऱ्यांच्या फोनांना हात लावायचं कारणच नाही, ज्युनियरचा फोन मागून घ्या. बहुतेक ऑफिसांत नेमकं उलटं होतं. ज्याला दिसत नाही त्याच्याच फोनमागे सगळे लागतात.

ज्युनियरचा फोन हातात आला की ती नोंद उघडा आणि तपशिलात कॅलेंडरचं नाव वाचा. तिथे ऑफिसच्या कॅलेंडरचं नाव हवं. माझ्या अनुभवात तिथे बऱ्याचदा त्या मुलाचं स्वतःचं नाव असतं, किंवा नुसतं 'माझं कॅलेंडर' किंवा 'फोन' असं काहीतरी. फोनबरोबर आलेल्या कॅलेंडर अॅपमध्ये नोंद केली की ती फोनपुरतीच राहू शकते, आणि गूगलच्या अॅपमध्येही नवी नोंद आपसूक खाजगी कॅलेंडरात पडू शकते. सेव्ह करण्याआधी नाव बदलावं लागतं. ते बदललं नाही, तर सिंक कितीही चोख चालू असलं तरी नोंद दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. सिंक बिघडलंच नव्हतं, नोंद चुकीच्या घरात पडली होती. नोंद उघडून कॅलेंडर बदला, आणि तिथे बदलू देत नसेल तर ती ऑफिसच्या कॅलेंडरात नव्यानं करा.

नोंदीच्या जागी नुसतं 'व्यस्त' दिसत असेल तर तो परवानगीचा मामला. शेअर करताना 'फक्त मोकळा की व्यस्त' हा पर्याय राहून गेलाय. कारकुनाला 'सर्व तपशील' द्या, ज्युनियरला 'बदल करण्याची' मुभा द्या. शेअरिंगचा हक्क मात्र तुमच्याकडेच राहू दे.

तुमच्या ऑफिसात आयफोनवाले कुणी असतील तर हे त्यांच्यासाठी. गूगलनं साध्या जीमेल खात्यांसाठी एक्सचेंज पद्धतीची (मायक्रोसॉफ्टची, बदल झाला की लगेच फोनवर पोचवणारी) नवी जोडणी २०१३च्या जानेवारीत बंद केली. तेव्हापासून आयफोनच्या स्वतःच्या कॅलेंडरात गूगलच्या नोंदी आपणहून येऊन पडत नाहीत, फोनला ठराविक वेळानं जाऊन त्या आणाव्या लागतात. ही वेळ 'ऑटोमॅटिकली' वर असेल तर फोन चार्जिंगला लावलेला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे आणायला जातो. दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या वकिलाला यातलं काय मिळतं? ना प्लग, ना वायफाय. दर पंधरा मिनिटांचा पर्याय निवडा, किंवा सरळ गूगलचंच कॅलेंडर अॅप टाका. शिवाय दुसऱ्यानं शेअर केलेलं कॅलेंडर आयफोनच्या अॅपमध्ये दिसावं म्हणून गूगलच्या 'सिंक सिलेक्ट' पानावर जाऊन त्यापुढे टिक करावी लागते. ही टिक नसेल तर अकाउंट दहा वेळा काढून परत टाका, कॅलेंडर दिसणार नाही. अँड्रॉइडवाल्यांनी गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरचं 'सिंक' चालू आहे का ते बघावं, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन अॅपला झोपवत नाही ना, तेही.

आउटलुकचं मात्र तुम्ही गूगलच्या माथी मारलंय ते बरोबर नाही. लॅपटॉपवर गूगल कॅलेंडरची 'गुप्त लिंक' कुणीतरी आउटलुकला चिकटवून दिली आहे, असं तुमच्याच वर्णनावरून दिसतं. ती लिंक म्हणजे कोर्टाच्या रेकॉर्डची नक्कल. मूळ कागद बदलला तरी पुढची नक्कल निघेपर्यंत तुमच्या हातात जुनीच. कधी काढायची ते घेणाऱ्या बाजूला ठरतं, म्हणजे इथे आउटलुककडे. त्यात काही लिहिलं तर ते मूळ रेकॉर्डला जात नाही. उलट बाजूनंही तसंच आहे. बाहेरचं कॅलेंडर लिंकनं गूगलमध्ये घेतलं तर त्यातला बदल दिसायला बारा तासांपर्यंत लागू शकतात असं गूगलच सांगतं, आणि 'आत्ता आण' असं बटण तिथे नाही. जुन्या आउटलुकात जीमेल खातं आयमॅपनं (मेल आणण्याची एक पद्धत) जोडलं असेल तर त्यातून फक्त मेल येते, कॅलेंडर येतच नाही. लॅपटॉपवर तारखा ब्राउझरमध्ये बघा. तुमच्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

पहाटे साडेपाचचं कोर्ट हा तुमच्या प्रतिक्रियेतला मला सगळ्यात आवडलेला भाग. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. दिवसभराची नोंद बाहेर काढताना एखादं सॉफ्टवेअर तिला 'त्या तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत' असं जागतिक वेळेत लिहितं, आणि आपल्याकडे ती पहाटे ५:३० ते दुसऱ्या पहाटे ५:३० अशी उमटते. खात्री करायची तर त्या सॉफ्टवेअरनं काढलेली आयसीएस फाईल (कॅलेंडरच्या नोंदींची फाईल) नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीच्या तारखेच्या ओळीत वर्ष, महिना, दिवस असे नुसते आठ आकडे असतील तर नोंद ठीक आहे. त्यापुढे इंग्रजी टी, सहा शून्यं आणि शेवटी झेड असेल तर चोर सापडला. तुम्ही केसेसची यादी ज्या सॉफ्टवेअरमधून काढता त्याच्या निर्यातीच्या सेटिंगमध्ये हे दुरुस्त होतं का पाहा. आणि ती फाईल गूगलमध्ये इम्पोर्ट केली असेल तर ती त्या दिवसापुरती प्रत आहे. नंतर केसची तारीख बदलली तरी इम्पोर्ट केलेली नोंद जागची हलणार नाही.

राहिलं सगळ्यांचं एकच जीमेल. सोपं वाटतं खरं. पण नव्या फोनवर लॉगिन करायला कोड येतो तो तुमच्या मोबाईलवर, आणि तुम्ही तेव्हा युक्तिवादाला उभे. ज्युनियर सोडून गेला की पासवर्ड बदला, मग सगळ्यांचे फोन पुन्हा जोडा. त्या जीमेलमध्ये पक्षकारांचे कागदही असतील, आणि एकाचा फोन लोकलमध्ये राहिला की ते सगळं त्याच्याबरोबर गेलं. नोंद कुणी केली हेही कळत नाही, सगळंच एका नावावर. वेगळी खाती आणि एक सामाईक कॅलेंडर ठेवलं तर नोंद कुणी तयार केली ते तिथे दिसतं, आणि चुकून उडवलेली नोंद साधारण ३० दिवस कॅलेंडरच्या 'बिन'मधून (कचरापेटीतून) परत आणता येते. गेलेल्या माणसाचं नाव शेअरिंगमधून काढायला एक मिनिट लागतं.

आणखी एक सुचवतो, पटलं तर बघा. कोर्टात नोंद डायरीतच होऊ दे. संध्याकाळी कारकुनानं डायरीवरून कॅलेंडरात उतरवावं, एकाच माणसानं. मग 'बदल करण्याची' मुभा ज्युनियरऐवजी त्याला द्या. ज्युनियरनं फोनवर टाकणं बंद झालं की वरच्या बऱ्याच भानगडी उद्भवणारच नाहीत.

तुमच्याकडून एकच माहिती हवी आहे. दुसऱ्या दिवशी उगवणारी ती तारीख लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लगेच दिसते का, आणि ज्युनियरच्या फोनवर ती उघडल्यावर कॅलेंडरचं नाव काय येतं? दोन्ही इथेच खाली लिहा, म्हणजे तुमच्या ऑफिसापुरतं नेमकं सांगता येईल.