छोटा चिरूट सिगारेटपेक्षा बरा, हा दावा

नेदरलँड्स किंवा बेल्जियमहून परतलेला ओळखीचा माणूस छोट्या चिरुटांची चपटी पत्र्याची डबी आणतो आणि तिच्यासोबत एक दावाही आणतो, जो पुढे गटागटांतून फिरत राहतो: ‘हे सिगारेटपेक्षा बरे. कागद नाही, निव्वळ तंबाखू आहे. धूर छातीत घ्यायचा नसतो. कांडी लहान असते. शिवाय युरोपातली सरकारे यावर कर कमी लावतात, ते उगाच नव्हे.’ सिगारेट सुटावी म्हणून मनापासून धडपडणारी माणसे या दाव्यावर विसंबतात, म्हणून त्यातली एकेक गोष्ट तपासणे मला गरजेचे वाटते.

कागद नसतो हे खरे. परंतु यंत्रावर वळलेला स्वस्त चिरूट नखाने उकलून पाहावा. वरच्या पानाला शिरा दिसतात, कारण ते जावा, सुमात्रा अशा ठिकाणचे खरे पान असू शकते. त्याखालचा थर मात्र अनेकदा एकसारखा, शिरा नसलेला निघतो. तंबाखूच्या भुकटीत वनस्पतींचे तंतू मिसळून कागदासारखाच लाटलेला तो पत्रा असतो. अर्थात काही चिरुटांत वरचे पान, त्याखालचा थर आणि आतली भरण असे तिन्ही थर अस्सल पानांचे असतात, पण त्याने फरक पडतो तो चवीत. चिरुटाची तंबाखू आंबवलेली असते आणि त्या प्रक्रियेत कर्करोगकारक नायट्रोसामाइन वाढतात. वरचे वेष्टण सिगारेटच्या कागदाइतके सच्छिद्र नसल्याने कार्बन मोनॉक्साइडही अधिक तयार होतो. टेंभुर्णीच्या पानात वळली म्हणून विडी निरुपद्रवी ठरत नाही, तसेच हे आहे.

धूर छातीत घेत नाही, हा मुद्दा सर्वांत पटण्यासारखा वाटतो आणि तोच सर्वांत फसवा आहे. आपल्याकडे तंबाखू चुन्यासोबत मळतात, कारण चुन्याच्या क्षारामुळे निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जाते. चिरुटाची तंबाखू हवेवर वाळवून आंबवलेली असल्याने तिचा धूर मुळातच क्षारधर्मी असतो, त्यामुळे तो तोंडात नुसता घोळवला तरी निकोटीन मिळते आणि सवय जडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली चिरुटांवर स्वतंत्र ग्रंथ काढला. रोज चिरूट ओढणाऱ्यांना तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. त्यातही ज्याची सिगारेटची सवय मुरलेली आहे, तो चिरुटाचा धूरही बहुधा छातीतच ओढतो. म्हणजे ज्याला हा सल्ला दिला जातो, त्याच्याच बाबतीत तो सर्वांत लंगडा पडतो.

लहान म्हणजे किती, तर युरोपीय संघाच्या व्याख्येत सिगारिलोचे, म्हणजे छोट्या चिरुटाचे, कमाल वजन ३ ग्रॅम आहे, आणि सिगारेटमध्ये तंबाखू साधारण १ ग्रॅमहूनही कमी असते.

राहिला कर. युरोपीय संघाच्या नियमानुसार हजार सिगारेटींवर किमान ९० युरो कर लागतो, तर चिरुटांसाठी किमान मर्यादा किमतीच्या ५ टक्के किंवा हजारी १२ युरो इतकीच आहे. मात्र याचा अर्थ धोका कमी, असा होत नाही. सिगारेटीशी साधर्म्य असलेला माल चिरूट म्हणून कमी करात विकला जात होता, म्हणून २०१० साली संघाने चिरुटाची व्याख्याच कडक केली आणि अशा मालावर सिगारेटीचा कर लावण्याचे ठरवले. जर्मनी आणि हंगेरी यांना त्यासाठी २०१४च्या अखेरपर्यंत मुदत द्यावी लागली.