काविळीच्या औषधाचं नाव सांगा

पावसाळा लागला की आमच्या खानापूर भागात काविळीच्या औषधासाठी माणसं या गावाहून त्या गावाला जायला लागतात. कुणी ठरावीक वारीच पाला देतो, कुणी नाकात देवडांगरी या कडू वेलफळाचे थेंब सोडतो. देणारे बरेच जण पैसेही घेत नाहीत, नारळ ठेवला तरी चालतं. त्यांच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही. माझं भांडण आहे ते नाव लपवण्याशी. "नाव फोडलं की गुण जातोय बघ," हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

माझ्या काकांना कावीळ झाली तेव्हा आधी पालाच दिला. उतरेना म्हणून बेळगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेतलंय? घरातल्या एकालाही सांगता येईना. हिरवा रस होता, कडू होता, बस्स. पुढं सोनोग्राफीत पित्तनळीत खडा अडकलेला दिसला. तो कुठल्या पाल्यानं निघणार होता?

दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक उतरते आणि श्रेय पाल्याला जातं. पण हीच ई गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. भाताच्या चिखलात राबणाऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या जिवाणूच्या आजारानंही कावीळ होते, तिथं अँटिबायोटिक वेळेवर लागतं. डोळे सगळ्यांचे सारखेच पिवळे दिसतात. देवडांगरीनं नाकातून पिवळं पाणी वाहतं, ती कावीळ बाहेर पडते असं नव्हे. नाकाच्या आतल्या त्वचेची आग होऊन ते पाणी सुटतं.

म्हणून झाडपाला टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. भुईआवळ्याचंच बघा. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीचे विषाणू अंगात असलेल्यांना तो दिला. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. हा विषाणू शोधून नोबेल मिळवणारे ब्लूमबर्ग त्या अभ्यासात होते. सगळ्या जगानं दखल घेतली. पुढच्या चाचण्यांत मात्र तसा गुण आला नाही. तरीही किमान तपासणी तरी झाली, कारण झाडाचं नाव उघड होतं. लपवलेल्या औषधाची कोण आणि कशी परीक्षा घेणार?

आणि नुसतं नावही पुरत नाही, ओळख पक्की हवी. बांधावरची भुईआवळ्याची डहाळी उलटी करून बघा. पानांच्या खाली बारीक देठाला गुळगुळीत हिरवी फळं ओळीनं लोंबतात. शेजारीच तसंच दुसरं झुडूप असतं, देठ लालसर, फळं खरबरीत आणि फांदीला चिकटलेली. ते वेगळं. बाजारात नेलनेल्ली या कानडी नावानं भुईआवळा मागितला की दोन्ही एकाच पेंडीत येतात. गुळवेलीचंही तेच. कोरोनाच्या काळात लोकांनी काढे प्यायले, काहींच्या यकृतालाच सूज आली, आणि ती खरी गुळवेल होती की तिची जातभाई, यावर तज्ज्ञांत वाद झाला. आरोग्यवर्धिनीची गोळी तर कित्येक जण निव्वळ झाडपाला समजून घेतात. तिच्यात निम्मी कुटकी ही कडू वनस्पती असते हे खरं, पण शुद्ध केलेला पारा, गंधक आणि ताम्रभस्मही असतं. वैद्याला न विचारता ती महिनोन्‌महिने घेऊ नये.

पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच, नेहरूनगरमध्ये आहे. कणकुंबी-जांबोटीकडच्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाला देतात, तिथल्या पोरांनी तो तिथं न्यावा. आजोबा आहेत तोवर फांदी कागदात दाबून ठेवा, मराठी आणि कानडी दोन्ही नावं लिहा. मूळ घेतात की पान, किती आणि कशातून देतात, सगळं लिहा. आजोबा गेले की सगळंच जाईल.

आणि घेणाऱ्यांनो, आधी रक्त तपासा. बिलिरुबिन आणि एसजीपीटी या यकृताच्या तपासण्या, शिवाय हिपॅटायटिस बी. गरोदर बाई असेल, ताप असेल, पोटात कळा असतील किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर थेट दवाखाना गाठा. आणि पाला घेतला असेल तर त्याची फांदी डॉक्टरांपुढं ठेवा.