तालमीला पगारी व्यवस्थापक कशाला?

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या तालीम मंडळात सध्या एकच वाद रंगला आहे. पदे घ्यायला कोणी पुढे येत नाही, तेव्हा वर्गणीतून पगार देऊन व्यवस्थापक नेमावा, असे काही जुन्या मंडळींचे म्हणणे आहे. ‘परदेशात सगळे असेच चालते’ हा त्यांचा दाखला बॉनमध्ये राहणाऱ्या मला चांगलाच झोंबला, कारण परदेशात असे चालत नाही. जर्मनीतल्या बहुतेक गावांत आग विझवायला जाणारी माणसे एरवी बेकरीत नाहीतर कार्यालयात कामाला असतात, आणि १९५० साली स्थापन झालेल्या टीएचडब्ल्यू या सरकारी आपत्ती-संस्थेचे जवळजवळ सगळे मनुष्यबळही बिनपगारी आहे.

आणि कार्यकर्ते नाहीत, हे कोल्हापूरने म्हणावे? २०२१ च्या जुलैमध्ये इथे बॉनजवळचे आर नदीचे खोरे पाण्याखाली गेले आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली. आरकाठी हजारो अनोळखी लोक फावडी घेऊन धावले खरे, परंतु जवळच्या ग्राफशाफ्ट गावाहून शटल बस सुरू होईपर्यंत त्यांच्याच गाड्यांनी अरुंद रस्ते तुंबत होते. आमच्या पोरांना कोणत्या बोळात कोण म्हातारे माणूस एकटे राहते, हे सांगायला कोणाची यादी लागली नाही. हे मला फोनवरच कळत होते, पण कळत होते.

खरी अडचण हिशेबाची आहे. नव्या अध्यक्षाच्या गळ्यात मंडपवाल्याची उधारी पडते, बँकेच्या खात्यावर सही मात्र जुन्यांचीच राहते. अशा पदासाठी शहाण्या मुलाने पुढे का यावे? पगारी माणूस नेमला तर उधारीचे शिव्याशाप खायला एक हक्काचा धनी मिळेल, एवढाच फरक पडेल. इथल्या फेराइनमध्ये, म्हणजे सभासदांच्या नोंदणीकृत मंडळात, कार्यकारिणीबाहेरचे दोघे हिशेब तपासतात, सभा तो मान्य करते आणि मुदत संपली की जुना अध्यक्ष बाजूला होतो. सभा विलक्षण कंटाळवाणी असते, आणि तिचा गुणही तोच आहे.

आमच्या बॅडमिंटन फेराइनचा हिशेब तपासणारा सध्या मीच आहे. ते काम इतर कोणालाच नको होते, तरीही इतिवृत्तात माझे नाव लिहिले गेले तेव्हा मला जो आनंद झाला, तो पेठेत कधी झाला नसता. तिथे माझे असणे कोणी हात वर करून ठरवले नव्हते.

दोन वर्षांची मुदत, बाहेरचे तपासनीस आणि निवडीच्या आठवड्यातच खात्यावरच्या सहीत बदल, अशी सूचना मी मंडळाला लेखी पाठवली. उत्तरात वर्गणीची आठवण आली, आणि ठरावावर मत सभेला हजर असलेल्यांनाच देता येते, हेही कळवण्यात आले. वर्गणी मी पाठवली. मताचा नियम मात्र बॉनमध्ये मीच उचलून धरला असता, त्यामुळे त्यावर हरकत घेण्याची सोयही मला उरलेली नाही.