धर्माज्ञा घटनेत बसवण्याची रीत

धर्माची आज्ञा श्रेष्ठ की राज्यघटना, या प्रश्नाने आपली झोप उडाली असेल, तर आधी स्वस्थ बसावे. या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, हा भाबड्या लोकांचा समज आहे. जाणकार माणूस दुसऱ्याला अडवताना धर्माज्ञा पुढे करतो आणि अडवल्याचा जाब विचारला गेला की घटनेने दिलेले धर्मस्वातंत्र्य पुढे करतो. हे थोड्या सरावाने कोणालाही साधते.

सुरुवात कलम २५ पासून करावी, मात्र ते मधूनच वाचायला घ्यावे. घटनाकारांनी या कलमात हक्क देण्याआधीच अटी घातल्या आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी या सगळ्यांच्या अधीन राहूनच धर्माचे आचरण करायचे आहे. शिवाय हा हक्क सर्व व्यक्तींना सारखाच आहे, म्हणजे आपण ज्यांना उंबऱ्याबाहेर उभे करतो त्यांनाही. एवढा मजकूर बोटाने झाकला की उरलेले वाक्य फार सुंदर आहे. वाचन वेळीच थांबवणेही तितकेच महत्त्वाचे, कारण लगेच पुढे समाजसुधारणेसाठी कायदे करण्याची आणि हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्व वर्गांतील हिंदूंना खुली करण्याची मुभा राज्याला देऊन ठेवलेली आहे.

मग आज्ञा निवडावी. धर्मशास्त्रांत आज्ञा पुष्कळ असल्या तरी त्यांतल्या बऱ्याच आपल्याला स्वतःलाच पाळाव्या लागतात, हा त्यांचा मोठा दोष आहे. समुद्रोल्लंघनाचा निषेध उकरून काढला तर न्यू जर्सीतल्या चिरंजीवांचे काय करायचे, आणि व्याज निषिद्ध असल्याचे बजावले तर बँकेतल्या मुदत ठेवीचे काय? १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापायी टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या लचांडात पडावे लागले होते. आज तसल्या चहाने कोणाचाही धर्म बुडत नाही आणि बुडावा असा आग्रहही कोणी धरत नाही. अशा आज्ञा काळाबरोबर खुशाल सैल होऊ द्याव्यात. जी पाळण्याचा सगळा भार दुसऱ्यावर, शक्यतो बायकांवर पडतो, तेवढी मात्र अपरिवर्तनीय म्हणून जाहीर करावी.

आज्ञा अनादी असल्याचे सांगताना जवळपास कोणी तारखा काढणारे नाही ना, एवढे पाहावे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात नेमकी इथेच गफलत झाली. तेथे स्त्रिया वर्षानुवर्षे मजारीपर्यंत जात होत्या आणि २०११-१२ च्या सुमारास त्यांना आत जाण्याची बंदी झाली. विचारणा झाल्यावर स्त्रियांच्या पोशाखापासून त्यांच्या सुरक्षिततेपर्यंत निरनिराळी कारणे देण्यात आली, आणि शरीयतच्या तरतुदी आपल्याला पूर्वी ठाऊक नव्हत्या, ती चूक आता दुरुस्त करत आहोत, हेही त्यांतलेच एक होते. हा युक्तिवाद मला फार आवडतो. ईश्वराची आज्ञा आणि विश्वस्तांचे अज्ञान या दोन्हींचा आधार एकाच दमात घेण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. उच्च न्यायालयाला तो रुचला नाही. २६ ऑगस्ट २०१६ रोजी बंदी घटनाविरोधी ठरली, ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जे घोर पाप असल्याचे खाली सांगितले होते त्याला वर दोनच महिन्यांत स्वतःहून संमती देऊन मोकळा झाला.

न्यायालयात ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ हे शब्द न विसरता उच्चारावेत. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून (मठ उडुपीचा, पुणे जिल्ह्यातला नव्हे) कोणती प्रथा धर्माला अत्यावश्यक आहे याचा निवाडा न्यायाधीश करत आले आहेत. खरे तर हे काम शास्त्र्यांचे आणि मौलवींचे. पण ते सरकारी पगारावर होत असेल तर आपण तक्रार का करावी? धोका इतकाच की न्यायाधीश कधीकधी खरोखरच शास्त्र वाचतात. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्यावर नरसू आप्पा माळी खटल्यात वाद झाला, तेव्हा पुत्रप्राप्तीसाठी दुसरी बायको हा धर्माचाच भाग असल्याचा दावा होता. न्यायमूर्ती छागला यांनी १९५१ मध्ये शांतपणे दाखवून दिले की ज्या धर्माला पुत्र हवा असतो, त्याच धर्माने दत्तकाचीही सोय केलेली आहे. कायदा टिकला, मात्र व्यक्तिगत कायदे (म्हणजे विवाह, वारसा वगैरेंचे धर्मागणिक वेगळे कायदे) मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, असेही त्याच निकालात म्हटले गेले, आणि त्या एका वाक्याच्या सावलीत सर्व धर्मांचे कर्मठ पुढे कितीतरी वर्षे गुण्यागोविंदाने नांदले. (समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून गोव्याचे गोडवे गाणाऱ्यांनी तेथील हिंदूंच्या रूढींविषयीचे १८८० चे पोर्तुगीज फर्मान सभेत वाचून दाखवू नये, पत्नीला ठरावीक वयापर्यंत मुलगा न झाल्यास काही अटींवर दुसऱ्या लग्नाची सोय त्यात आहे.)

आपल्याच समाजात कोणी प्रश्न विचारू लागला, तर त्याच्यासाठी पंथांना आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क देणारे कलम २६ आहे. बहिष्कृत करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा मुंबईचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला, कारण धार्मिक शिस्तीसाठी एखाद्याला बाहेर काढणे हा पंथाचा अंतर्गत कारभार ठरला. बाहेर काढलेल्याला प्रार्थनास्थळ, नातेवाईक आणि दफनाची जागा गमवावी लागते, पण कलम २६ चा लाभ त्याला नसून पंथाला आहे, हे त्याने समजून घ्यायला हवे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. तेव्हा वाळीत टाकण्याला धार्मिक शिस्तच म्हणत जावे. १९६२ चा निकालही २०२३ मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाच्या प्रश्नांबरोबर नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला, म्हणून ज्यांना काढायचे आहे त्यांना लवकर काढावे.

एवढे करूनही निकाल विरुद्ध गेला तर खचू नये. शनिशिंगणापूरच्या शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना चढू द्यायचे की नाही हा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने २०१६ साली सरकारला १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण करून दिली. म्हणजे अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगणारा कायदा पुस्तकात असताना चौथरा साठ वर्षे सुखरूप राहिला. पंढरपुरात तर याहून पुढची युक्ती झाली. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले, तेव्हा काही कर्मठांनी मूर्तीतले देवाचे तेज पाण्याच्या घागरीत काढून घेतले होते, असे सांगितले जाते. ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांना मूर्ती मिळाली आणि ज्यांनी ते बंद ठेवले होते त्यांना घागर.

राहता राहिला २६ नोव्हेंबरचा संविधान दिन. त्या दिवशी उद्देशिकेचे सामूहिक वाचन चुकवू नये आणि जमल्यास पुढाकारही आपणच घ्यावा. ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’ हे शब्द येताच आवाज चढवावा, छायाचित्रकार साधारणतः तेव्हाच पुढे येतो. लगेचच्या ओळीत दर्जाची आणि संधीची समानता येते. तिथे खोकला आला तरी चालेल.