नासाने म्हणे तेरावी रास शोधली!

तो मेसेज परत फिरतोय. नासाने भुजंगधारी नावाची तेरावी रास शोधली, ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांची रास बदलली, वृश्चिक आता जेमतेम आठवड्याची उरली, आणि खाली शेपूट जोडलंय की विंचू न् मृग आकाशात कधीच एकत्र दिसत नाहीत.

शोधाचं आधी बघू. टॉलेमी या जुन्या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने दुसऱ्या शतकात ४८ तारकासमूहांची यादी केली त्यात भुजंगधारी आहेच, केप्लरचा १६०४ चा सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) पण तिथेच दिसला होता. नासाने तर २०१६ ला हाच गोंधळ झाला तेव्हा सांगून टाकलं की आम्ही राशी बदललेल्या नाहीत.

तारखा बरोबर आहेत, पण त्या सूर्य कुठल्या तारकासमूहात कधी असतो याच्या. खगोलशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये आकाशाच्या ८८ तुकड्यांच्या सीमा पक्क्या केल्या, ते लहानमोठे आहेत, त्यामुळे सूर्य कन्येत दीड महिना काढतो आणि विंचवाच्या डोक्यावरून आठवड्यात निघून जातो. पत्रिकेतली रास म्हणजे ३० अंशांचा सरळ भाग, असे बारा. विशाखाचा शेवटचा चरण, अनुराधा, ज्येष्ठा, झाली वृश्चिक. त्यात आपण सांगतो ती रास चंद्राची, मग सूर्याच्या तारखांनी ती बदलेल कशी? (माझा ज्योतिषावर काडीचा विश्वास नाही, पण खोडायचं तर नीट खोडा ना.)

आणि आठवड्याची म्हणून वृश्चिक किरकोळ समजू नका. जून-जुलैत रात्री दक्षिणेला बघा, आधी अनुराधाचे तीन तारे, मग तांबूस ज्येष्ठा, ती सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाची कक्षासुद्धा गिळेल एवढी मोठी, तिथून वळण घेत खाली गेलेली शेपटी आणि टोकाला नांगीचे दोन तारे, ते 'मूळ' नावाच्या नक्षत्रातले. दुर्बीण असेल तर ज्येष्ठाच्या अगदी शेजारी एम ४ या तारकागुच्छाचा धूसर ठिपका दिसतो, नांगीजवळ एम ६ आणि एम ७ हे आणखी दोन गुच्छ आहेत, त्यातला एम ७ अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी पण सापडतो.

राहिलं विंचू-मृगाचं वैर. विंचवाने ओरायनला, म्हणजे आपल्या मृगाला, मारलं म्हणून एक उगवताना दुसरा मावळतो ही ग्रीक गोष्ट झकास आहे, पण "कधीच नाही" खोटं, दक्षिण गोलार्धात दोघं क्षितिजाच्या दोन टोकांना एकाच वेळी चांगले दिसतात.