तुझ्याकडे एसी आहे कुठे?

लाईट गेली की कॉम्प्युटरनं आपला आपण नीट बंद व्हायचं आणि आली की आपला आपण चालू व्हायचं, एवढंच मला पाहिजे होतं. ऑफिसातून घरच्या मशीनवर काम करतो, आणि इंदूरला दोन थेंब पडले की लाईट जाते, मग बायकोला फोन, "जरा बटण दाब ना", तिकडून उसासा. म्हणून परवा रविवारी बसलो. यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ कॉम्प्युटर चालवणारी बॅटरी, कॉम्प्युटरला जोडायची केबल डब्यात नव्हतीच, प्रिंटरची असते तसली चौकोनी तोंडाची, ती जेल रोडवरून आणली (गाडी लावायलाच अर्धा तास). विंडोजनं यूपीएसला चक्क लॅपटॉपची बॅटरी मानलं, मी ४० टक्क्यांवर शटडाऊन लावलं आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलो.

तेवढ्यात वरचे काका आले, हातात पोह्यांची बशी, वर शेव, जिरावण मसाला. चष्मा कपाळावर सरकवून मोठ्यानं वाचायला लागले, "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस. तुझ्याकडे एसी आहे कुठे?"

"तो एसी नाही हो काका. एसी म्हणजे भिंतीतला करंट."

"मग करंट लिहायचं की. तुझ्याकडे तर कूलर आहे, कूलरचं सेटिंग दाखव."

"काका, कूलरचा काही संबंध नाही."

"तेच म्हणतोय मी. आणि एसी लावू पण नकोस, आमच्या जावयानं लावला, बिल बघून दोन दिवस जेवला नाही." मग बिल, मग मीटर, मग त्यांच्या बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा चपला बाहेर काढून आत जावं लागायचं, ते. मी 'पॉवर ऑन', म्हणजे करंट परत आला की आपोआप चालू हो, निवडून सेव्ह केलं आणि विंडोज चालू होईपर्यंत नुसता हं हं करत बसलो.

मग टेस्ट. यूपीएसची पिन भिंतीतून काढली. टूं, टूं सुरू. ८०, ६०, ४५... ४० ला स्क्रीनवर 'शटिंग डाऊन' आलं, माझा ऊर भरून आला, आणि काकांनी वाकून पिन परत खोचली. "अरे, निघाली होती तुझी!"

कॉम्प्युटर बंद झाला तो झालाच. कारण यूपीएसनं त्याचा करंट तोडलाच नव्हता, त्याच्या लेखी लाईट कधी गेलीच नाही, मग आली म्हणून उठायचं कशाला? बंद झाल्यावर यूपीएसनं स्वतः दोन मिनिटं कॉम्प्युटरचा करंट तोडायचा आणि मग द्यायचा, हा खरा उपाय. माझ्या यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय आहे, पण फिका, दाबताच येत नाही. डब्यावर मात्र 'स्मार्ट' छापलंय, त्या एका शब्दाचे जास्तीचे पैसे मी मोजलेत, आणि दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "भिया, बटन दबा दिया करो." सगळ्यांचं त्या बटणावर काय एवढं प्रेम आहे कळत नाही.

काकांनी जिरावणाच्या अंगठ्यानं ते दाबलं. मशीन सुरू झालं. "झालं! यासाठी रविवार घालवलास?"

संध्याकाळी जिन्यात ते खालच्या वहिनींना सांगत होते, "याचा कॉम्प्युटर पार बंद पडला होता, मी चालू करून दिला." मी तिथंच उभा होतो.

आज दुपारी परत लाईट गेली नि आली. बायको माहेरी. पाच मिनिटं फोनकडे बघत बसलो आणि शेवटी काकांना लावला. "येतो," म्हणाले, "पण किल्ली कुठंय? आणि त्या एसीचं काय झालं?"