९० दिवसांत कोनफळ येत नाही आणि राखेने विष उतरत नाही

मामांनी फोन करून बोलावलं होतं. ९० दिवस भरले होते, पोतं रिकामं करायचं होतं. गच्चीवर गोणपाट अंथरलं, दोघांनी मिळून पोतं आडवं केलं, शिवण उसवली. आतून कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) ओला गठ्ठा बाहेर आला. त्यात पांढऱ्या मुळांचं जाळं, मधोमध लावलेलं बेणं पिळलेल्या फडक्यासारखं झालेलं, आणि त्याच्या डोक्याशी अंगठ्याएवढा एक नवा कंद. मामांनी तो बोटाने पुसायला घेतला तर साल निघून आली आणि खालचा पांढरा, चिकट गर दिसला. आठ पोती लावली होती त्यांनी. पाचांत कोंबच आला नव्हता. दोनांत वेल होते, त्यांतलं एक हे. आठव्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "त्यात कडू कंद आहे, रानातून मागवलेला. राखेने तो तरी गोड होईल."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मामांना हे सगळं कुठून कळलं ते मला माहीत होतं, कारण तोच मजकूर माझ्याकडेही तीन-चार ठिकाणांहून येऊन गेला होता आणि मी तो न वाचल्यासारखा सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मजकूर थोडक्यात असा: "माती विसरा! कोणतंही रिकामं पोतं घ्या. निम्मं कोकोपीट, पाव भाग लाकडाचा भुसा, पाव भाग ताजं शेण, वरून राख. ९० दिवसांत एका पोत्यातून २० किलो कोनफळ. कंद विकत घेऊ नका, वेलाचा तुकडा खोचला तरी चालतो. रानातला कडू कंदही लावा, राखेच्या मिश्रणात त्याचं विष उतरतं. शेंडे खुडत राहा, रोज भरपूर पाणी द्या."

मी स्वतः सहा वर्षं पोत्यात कोनफळ लावते, त्यामुळे पोत्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या मजकुराशी.

आधी कडू कंदाचं बोलते. बाकीच्या चुकांनी कष्ट वाया जातात, या चुकीने माणूस जाऊ शकतो.

कोनफळ म्हणजे डायोस्कोरिया अलाटा. डायोस्कोरिया या प्रजातीत सहाशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या मोजक्याच खाण्यासाठी लावल्या जातात. उरलेल्यांत काही थेट विषारी आहेत. डायोस्कोरिया हिस्पिडाच्या कंदात डायोस्कोरीन नावाचं अल्कलॉइड असतं. ते मज्जासंस्थेवर परिणाम करतं. आधी तोंड आणि घसा जळजळतो, मग उलट्या, चक्कर, आणि जास्त पोटात गेलं तर झटके येतात. त्याने माणसं दगावलेली आहेत. करांदा हाही याच प्रजातीतला, त्याच्या रानटी, कडू प्रकारांत डायोसबल्बिन असतं, ते यकृताला इजा करतं. यातलं काहीही कंद मातीतून शोषून घेत नाही, म्हणून माती बदलून ते जातही नाही. वेल ते स्वतःच्या पेशींत स्वतः तयार करतो. कंदाचा तुकडा लावला की उगवतो तो त्याच वेलाचा पुढचा भाग, नवं झाड नव्हे. आई कडू तर लेक कडू. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं, आणि तरी राखेवर विश्वास बसतो.

राख या गोष्टीत आली कुठून, याचा मी बराच विचार केला. इंडोनेशियात हाच हिस्पिडा 'गाडुंग' म्हणून खातात. पण तिथे कंद काढल्यावर त्याच्या पातळ चकत्या करतात, त्यांना राख चोळतात, दाबून ठेवतात आणि मग पाणी बदलत किंवा वाहत्या पाण्यात कित्येक दिवस भिजवतात. डायोस्कोरीन पाण्यात विरघळतं, म्हणून ते निघून जातं. म्हणजे राख लागते ती चिरलेल्या कंदाला, आणि खरं काम करतं ते पाणी. नुसतं उकडून भागत नाही. ही रीत तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हाताखाली शिकत आले आहेत, वाचून घरी करून बघण्याची ती गोष्ट नाही. कुणीतरी 'राखेने विष उतरतं' एवढंच उचललं आणि ताटाच्या जागी पोतं घातलं.

राखेला दुसरी एक खरी जागा आहे, तीही सांगते. बेण्याचे तुकडे केले की कापलेली बाजू राखेत बुडवून एक-दोन दिवस सावलीत सुकवतात. जखम कोरडी होते, कूज कमी लागते. तेवढी राख पुरते. पोत्यात ओंजळीने घातली तर सामू (मिश्रणाचा पीएच) वर जातो, लोह आणि जस्त मुळांना मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात. मामांच्या दोन्ही वेलांवर नेमकी तीच खूण होती: शिरा हिरव्या, मधलं पान फिकट.

आता '९० दिवस'. हा आकडा कुठून आला तेही उघड आहे. तो रताळ्याचा आहे. इंग्रजीत कोनफळाला 'याम' म्हणतात, पण अमेरिकेत नारिंगी गराच्या रताळ्यालाही सर्रास 'याम' म्हटलं जातं. रताळं तीन ते चार महिन्यांत येतं. ते वेलाचा तुकडा खोचून लावतात. त्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, म्हणून ते खुडतात. मजकुरातला वेलाचा तुकडा, शेंडे आणि ९० दिवस एकत्र ठेवून बघा, तिन्ही रताळ्याचे आहेत. कुणीतरी रताळ्याची माहिती भाषांतरित केली आणि वर कोनफळाचा फोटो लावला. दोन्ही वनस्पतींचं एकमेकींशी काही नातं नाही, रताळं गारवेलीच्या कुळातलं.

कोनफळाला आठ ते दहा महिने लागतात. पहिले दोन-तीन महिने वेल फक्त मुळं, खोड आणि पानं करतो, तेही बेण्यातला साठा वापरून. म्हणून मामांच्या पोत्यातलं बेणं पिळून निघालं होतं. ते बिघडलं नव्हतं, त्याचं काम संपलं होतं. खरा कंद पोसायला त्यानंतर सुरुवात होते आणि पानं आपणहून पिवळी पडून वेल वाळेपर्यंत तो पोसत राहतो. ९०व्या दिवशी पोतं उलटं करणं म्हणजे पीक सुरू होतानाच उपटणं. तो अंगठ्याएवढा कंद आणखी सहा महिन्यांनी किलो-दीड किलोचा झाला असता. मामा तो हातात धरून उभे होते ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि शेंडे खुडायचे? कंदात जे भरतं ते पानांतून येतं. पानं काढली की कंद उपाशी. उलट या वेलाला दोन मीटरची काठी किंवा दोरी द्या आणि जाऊ द्या वर.

'एका पोत्यातून २० किलो' याचा हिशोब कुणालाही करता येईल. जगातले ९० टक्क्यांहून जास्त 'याम', म्हणजे कोनफळ आणि त्याच्या भाऊबंदांचे खायचे कंद, पश्चिम आफ्रिकेत पिकतात. तिथे एक मीटर अंतरावर लावलं तर हेक्टरी १०,००० वेल बसतात आणि सरासरी उत्पादन हेक्टरी १० टनांच्या आतबाहेर असतं. म्हणजे वेलामागे साधारण एक किलो, तेही मोकळ्या जमिनीत. जमीन चांगली असेल, खत-पाणी वेळच्या वेळी असेल तर दोन-अडीच किलो. अलाटाचे अवाढव्य कंद निघतात हे खरं आहे, पण ते खोल, भुसभुशीत जमिनीत, पुष्कळ वेळ मिळाल्यावर. माझ्या पोत्यांतून दीड-दोन किलो निघाले की मी खूश असते. शिवाय पोत्याचा आकारही बघा. २० किलोचा कंद मावायला आत मिश्रणाला जागा कुठे उरते?

आता कबूल करायची गोष्ट. मातीशिवाय कोनफळ वाढू शकतं, आणि वेलाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात. नायजेरियातल्या इबादान इथे १९६७ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था आहे. कोनफळ आणि बाकीच्या यामांवर एवढं काम दुसरीकडे क्वचितच झालं असेल. तिथे एका पेराचे, पानासकट वेलाचे तुकडे भाताच्या तुसाच्या कोळशात लावून त्यांना मुळं फोडली आहेत. त्याच्याही पुढे जाऊन मुळं हवेत लोंबकळत ठेवून त्यांवर पोषकद्रव्यांचा फवारा मारून वेल वाढवले आहेत, मातीचा कण नाही. पण ते हे करतात बेणं तयार करण्यासाठी. कोनफळाची मोठी अडचणच ही आहे की खायच्या पिकातला बराचसा भाग पुढच्या लागवडीला बाजूला ठेवावा लागतो. अशा तुकड्यांतून येतात ते ग्रॅमांत मोजायचे छोटे कंद, पुढच्या हंगामात लावायचे. आणि त्या फवाऱ्यात नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, लोह सगळं मोजून घातलेलं असतं. माती काढून टाकली की मातीचं प्रत्येक काम आपल्याला करावं लागतं. मजकुरातल्या मिश्रणात ते कोण करणार आहे?

कोकोपीट पाणी धरतं, पण त्यात अन्न जवळजवळ नसतं, आणि न धुतलेलं असेल तर क्षार असतात. दोन-तीनदा गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय ते वापरू नये. लाकडाच्या ताज्या भुशाचं तर उलटंच. त्यात नत्राच्या एका भागाला कर्बाचे काहीशे भाग असतात, कुजवणाऱ्या जिवाणूंना ते प्रमाण पंचवीस-तीसच्या आसपास लागतं. कमी पडणारा नत्र ते आजूबाजूचा ओढून घेतात, म्हणजे वेलाच्या तोंडचा घास. आणि ताजं शेण बंद पोत्यात तापतं. मामा सांगत होते, चौथ्या दिवशी हात घातला तर आत कोमट लागत होतं, त्यांना वाटलं ऊब मिळतेय, कोंब लवकर येईल. त्या उबेत आणि अमोनियात कापलेलं बेणं टिकत नाही. पाच पोत्यांतलं बेणं आम्ही शोधलं तेव्हा दोन ठिकाणी नुसती साल हाताला लागली, आत आंबूस वासाचं पाणी.

माझं मिश्रण साधं आहे. एक भाग बागेतली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट (हातात घेतल्यावर वास येता कामा नये), एक भाग भाताच्या तुसाचा कोळसा, तो नसेल तर धुतलेलं कोकोपीट. पोतं ५० लिटरच्या आसपास, खोली हात-दीड हात, कारण अलाटा खाली जातं. तळाशी आणि बाजूंना खाली भोकं. एका पोत्यात एकच तुकडा, दीडशे ते अडीचशे ग्रॅमचा, साल असलेला. दोन महिन्यांनी आणि चार महिन्यांनी वरून मूठभर कंपोस्ट. माती चिकण असेल तर ती कमी करा, कोळसा वाढवा. प्रमाण पक्कं नाही, मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, एवढं बघा.

रोज भरपूर पाणी नको. वाफसा राहू द्या, बोटभर खाली कोरडं लागलं की द्या.

'कोणतंही रिकामं पोतं' हेही नको. कीटकनाशकाचं किंवा औषध लावलेल्या बियाण्याचं पोतं खायच्या पिकाला वापरायचं नाही, कितीही धुतलं तरी. सिमेंटच्या पोत्यात उरलेली भुकटी सामू आणखी वर नेते. आणि साधं विणलेलं प्लास्टिकचं पोतं उन्हात काही महिन्यांत कुसकरायला लागतं. नऊ महिन्यांच्या पिकाला उन्हात टिकणारं घ्या किंवा पोत्याच्या बाजूंवर सावली धरा.

ज्यांनी हा मजकूर वाचून रानातला कंद आधीच लावला असेल त्यांच्यासाठी. कोनफळाचं खोड चौकोनी असतं आणि कडांना पातळ पंखासारखी पट्टी असते (अलाटा या नावाचा अर्थच पंख असलेला), पान अखंड, पर्णिकांत न विभागलेलं, बदामाच्या आकाराचं. हिस्पिडाच्या देठावर तीन पर्णिका असतात आणि खोडाला काटे. पण करांद्याचं पानही बदामासारखंच असतं, म्हणून पान बघून 'हे खाऊ' असं ठरवू नका. जो कंद कुठून आला ते माहीत नाही, तो खायचा नाही. खाऊन तोंड जळजळलं तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि कंदाचा तुकडा बरोबर न्या.

आठव्या पोत्यातल्या वेलाला काटे होते, पानं तीन-तीनची. मामांनी काही न बोलता हातमोजे घातले. आम्ही ते मिश्रण परातीत घेऊन चाळलं, कारण राहिलेल्या तुकड्यालाही पुन्हा कोंब येतो. चार तुकडे निघाले. मग मामा आत गेले, ज्या-ज्या लोकांना त्यांनी हा मजकूर पाठवला होता त्यांची नावं वहीत लिहून काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले.